वझरघळीचा कोरडा कौल

वझरघळीची घाटी चढून वर आलात की उजव्या हाताला उघडा डोंगर लागतो. उघडा म्हणजे अगदी उघडा. तांबडी दरड, मध्येमध्ये काळा कातळ, पावसाळ्यात चार महिने गवत, आणि त्या गवतालाही फारसा हुरूप नाही. त्या सगळ्या उजाडीच्या मध्यावर एक झाड उभं आहे. नवा माणूस विचारतोच, हे एकटंच कसं राहिलं? मग गावातली जाणती माणसं पाहुण्याला कातळावर बसवतात, तांब्या पुढे करताना 'जपून प्या हो' असं न विसरता म्हणतात, आणि सांगू लागतात.

झाड रानजायफळाचं आहे आणि मादी आहे. या जातीत नर झाड वेगळं, मादी वेगळं. ते दरवर्षी फुलतं, अगदी वेळेवर फुलतं, आणि फुलं खाली गळून जातात. फळ धरायला जवळपास नर झाड लागतं. ते नाही. वीस कोसांत नाही असं म्हणतात, पण वीस कोस शोधायला गेलंय कोण?

असे सांगतात की एके काळी या डोंगरावर राई होती. आता राई म्हटलं की तुम्ही देवळामागची दहा-पंधरा झाडं डोळ्यांपुढे आणाल. तसं नव्हे. घाटमाथ्यापासून नदीपर्यंत, माणूस सकाळी आत शिरला तर दुपारपर्यंत त्याच्या अंगावर ऊन पडायचं नाही. वर पातफणस, रानउंडी, सातवीण. त्यांच्या खाली रानजायफळ, कोकम, जांभूळ. त्यांच्या खाली वेत, मिरवेली आणि नावं नसलेली हजार झुडपं. पाऊस थेट जमिनीवर पडतच नसे. वरच्या पानावरून खालच्या पानावर, तिथून वेलीवर, वेलीवरून शेवाळावर, असा रमतगमत खाली येई. बाहेर पाऊस थांबला तरी राईत पुढे दोन घटका पडत राही म्हणे. आणि खाली गुडघाभर पाचोळा. तो सगळं पाणी पिऊन घेई आणि वर्षभर जरा जरा करून डोंगराच्या पोटात सोडी. ते पाणी राईच्या पायथ्याला खडकातून बाहेर येई. तोच गावाचा वझर. ऐन वैशाखातही त्याची धार हाताच्या मनगटाएवढी असायची. त्यावर गावाची भातं, सुपारी, गुरं, माणसं, सगळं चालायचं, आणि चालायचं म्हणून कोणी त्याचा विचारही करत नसे.

वझराच्या वरच्या अंगाला राईची माउली. मूर्ती नाही, नाकडोळे नाहीत, एक उभा अनघड पाषाण. तिची पूजा गुरवाच्या घराण्याकडे. ज्या काळची ही गोष्ट आहे त्या काळी गुरव होता सगुण. चाळिशीचा, बारीक अंगाचा, बोलायला कमी. त्याच्या सात पिढ्यांनी माउलीचा कौल लावला होता.

कौल कसा लावतात तेही सांगायला हवं, कारण सगळी गोष्ट त्याच्यावरच उभी आहे. वझराचं पाणी तांब्यात आणायचं. पिटकोळीच्या फुलाच्या दोन पाकळ्या त्या पाण्यात बुडवायच्या आणि पाषाणावर चिकटवायच्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. मग गावाचा मुख्य मानकरी, म्हणजे गावकर, गाऱ्हाणं घालतो, प्रश्न विचारतो आणि सगळे वाट बघतात. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पाकळ्या लावायच्या गुरवाने. प्रश्न विचारायचा गावकराने. गुरवाने स्वतः प्रश्न विचारायचा नाही, ही सक्त रीत. ज्याच्या हातात पाकळी त्याच्या तोंडात प्रश्न नको, असा त्यामागचा विचार. शहाणपणाचाच होता तो.

राईच्या बाबतीत आणखी एक रीत होती. माउलीला विचारल्याशिवाय राईतल्या झाडाला कोयता लावायचा नाही. दर झाडाला वेगळा कौल. ज्या झाडाची गरज आहे त्याचं पान आणून पाषाणापुढे ठेवायचं आणि विचारायचं, हे एक झाड तोडू काय? देवळाची तुळई मोडली, कोणाचं घर जळलं, लग्नाला मांडव घालायचा आहे, अशी दोन-चार वर्षांत एखादी वेळ यायची. माउली बहुतेक वेळा उजवी द्यायची. एवढ्या मोठ्या राईतून एक झाड गेलं तर काय बिघडतं? दोन पावसाळ्यांत ती जागा शोधूनही सापडत नसे.

मग किनाऱ्यावरच्या कोणा सरदाराला गलबतं बांधायची लहर आली. त्याचं नाव आज कोणी घेत नाही, आणि घेण्यासारखंही नाही. त्याने गावाला शेला पाठवला, गावकराला मानाची छत्री पाठवली, आणि लाकूड मागितलं. गावकर होता नारोजी. वाईट माणूस नव्हता. हे सांगणारे मुद्दाम सांगतात, कारण ऐकणाऱ्याला वाटतं की तो दुष्ट असणार. नारोजी देवभोळा होता, रीतभातीचा पक्का होता, आणि छत्री त्याला फार आवडली होती. पण सरदाराच्या माणसांनी कोयते बाहेर काढले तेव्हा तो आडवा झाला. म्हणाला, माउलीच्या शब्दाबाहेर या राईतलं पान हलणार नाही. झाडागणिक कौल लागेल.

सरदाराच्या माणसांना त्याचं काय? ते म्हणाले, लावा.

पहिलं झाड रानउंडीचं होतं, डोलकाठीसाठी. सगुणाने पाकळ्या लावल्या. नारोजीने हात जोडून गाऱ्हाणं घातलं.

"आई माउली, तू बारा वाड्यांची राखणदार. आज ह्या एका झाडाक हात लावूचो आसा. उजवी देशीत तर तोडू, डावी देशीत तर सोडू."

"व्हय म्हाराजा!" जमलेला गाव ओरडला.

उजवी पडली.

दुसऱ्या दिवशी दुसरं झाड. उजवी पडली. तिसऱ्या दिवशी तिसरं. आधी दिवसाला एक कौल, मग दोन, मग पाच. सकाळी पाचोळा तुडवत पाच पानं यायची आणि पाषाणापुढे ओळीने ठेवली जायची. सगुण पाकळ्या लावायचा, नारोजी विचारायचा, गाव व्हय म्हणायचा, आणि पाची वेळा उजवी. मध्येच एखादी डावी यायची, आठवड्यातून एखादी. ते झाड सोडून कोयते पुढच्या झाडाकडे जात, आणि डावी आलेलं झाड पुढे शेजारचं मोठं झाड अंगावर कोसळून मोडत असे. त्याला कोणी हात लावलेला नसे, त्यामुळे कोणी अडत नसे.

पहिल्या हंगामाच्या शेवटाला सगुणाला पहिल्यांदा भीती वाटली. पूजा करून परत येताना त्याच्या मानेवर ऊन पडलं. त्या जागी ऊन पडतं हे त्याला माहीत नव्हतं. तो तिथेच थांबून वर बघत राहिला. घरी आल्यावर बायकोला, तुळसाला, त्याने सांगितलं तर ती म्हणाली, पाऊस पडला की भरून येईल. पावसात ते भरून आलं नाही, उलट पहिल्यांदाच वझराचं पाणी दोन दिवस तांबडं आलं.

दुसऱ्या हंगामात त्याने धीर केला. सकाळची पूजा आटोपली होती, नारोजी छत्रीखाली बसून आज कोणती पानं येतात याची वाट बघत होता. सगुण त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"गावकरानू, एक मागणा आसा. एक डाव पुऱ्या राईचो कौल मागूया."

"राईचो?" नारोजीला खरोखरच कळलं नाही. "राई कोण तोडता, सगुणा?"

"आमीच तोडतंव."

"आमी झाड तोडतंव. काल एक तोडलां, आज एक तोडतलंव, आणि तांय माउलीक इचारून. राई आसा थयच आसा, बग." त्याने हाताने दाखवलंही. आणि खरंच, त्या दिवशी बघितलं तर नजर जाईल तिथपर्यंत राई होतीच.

"पण माउलीक त्येवडां तरी इचारूया. उजवी दिल्यान तर माजा काय म्हणणा नाय."

"जां करूचा नाय त्येचो कौल मागूचो कसो? देवीची थट्टा होयत ती." नारोजी समजुतीने म्हणाला. "तू पाकळे लाव. इचारूचा काम माजा."

सगुण पाकळ्या लावायला वळला. नारोजी खोटं बोलत नव्हता, रीत मोडत नव्हता, माउलीलाही डावलत नव्हता. सगळं रीतीप्रमाणे चाललं होतं, आणि सगुणालाच ते डोळ्यांनी बघावं लागत होतं. त्याने रात्रंदिवस एकच गोष्ट मनात घोळवली म्हणे: माउली खोटं सांगत नाही. तिला विचारलं जातं, हे एक झाड गेलं तर चालेल काय? एक झाड गेलं तर चालतंच. ती खरंच सांगते. तिला जे विचारायला हवं ते कोणी विचारत नाही, आणि न विचारलेलं सांगायची देवाची रीत नाही. रीत देवालाही असते. त्या पाषाणापुढे तो दिवसातून पाच वेळा उभा राही. प्रश्न त्याच्या ओठांवर असे, पण तोंड उघडायची त्याला परवानगी नव्हती.

तुम्ही म्हणाल, विचारायचा होता त्यानेच. पाहुणे नेहमी असंच म्हणतात. पाहुण्यांना सोपं असतं. सात पिढ्यांनी पाळलेली एक गोष्ट आठव्याने मोडली आणि त्यानंतर कौलावरचा गावाचा विश्वासच उडाला तर? मग तर पाच काय, पन्नास झाडं न विचारता पडली असती. असं सगुणाला वाटत होतं. बरोबर वाटत होतं की चूक, हे आता कोण सांगणार?

तिसऱ्या हंगामात निवडानिवड संपली होती. गलबतांचं लाकूड केव्हाच गेलं होतं. आता फळ्यांसाठी, मेढींसाठी, आणि उरलेलं कोळशासाठी. असं सांगतात की फाल्गुनातल्या एका सकाळी पाषाणापुढे रानजायफळाचं पान आलं. पान बघूनच सगुणाने झाड ओळखलं. त्या झाडाच्या वरच्या ढोलीत ककणेराची मादी होती. ककणेर म्हणजे मोठ्या चोचीचा तो थोरला पक्षी, त्याला धनेशही म्हणतात. मादी अंडी घालायला ढोलीत शिरते आणि दार आतून लिंपून घेते, चोच मावेल एवढी फट ठेवून. पिल्लं मोठी होईपर्यंत ती आतच. नर तिला बाहेरून फळं आणून भरवतो. राई होती तेव्हा त्याला फळं हाताशी होती. आता तो पार घाटमाथ्यापलीकडे जायचा आणि दुपार कलता कलता परत यायचा. सगुण रोज त्याची वाट बघायचा. तो आला की मगच जेवायचा.

त्या सकाळी सगुणाने उजवी पाकळी पाण्यात नीट बुडवली आणि पाषाणावर दाबून लावली. डावी नुसती ओलीशी केली आणि टेकवली. सात पिढ्यांत कोणी केलं नव्हतं ते त्याने केलं. नारोजीने गाऱ्हाणं घातलं, गाव व्हय म्हाराजा म्हणाला, आणि डावी पडली.

नारोजीने ते पान उचलून बाजूला ठेवलं. कोणाला संशय आला नाही. अंगावर कोसळून मोडेल असं मोठं झाडही त्याच्या जवळपास आता उरलं नव्हतं. पुढची चार पानं पुढे आली.

पण त्यानंतरच्या चारही पानांना सगुणाने पाकळ्या खऱ्या लावल्या. दुसऱ्या दिवशी खऱ्या, तिसऱ्या दिवशी खऱ्या. हात पुन्हा खोट्याकडे वळलाच नाही. त्याला वाटलं आपण माउलीच्या तोंडी खोटं घातलं, आता ती घराण्याचा सत्यानाश करील. त्याने एकवीस दिवस एकभुक्त राहून क्षमा मागितली. माउलीने काहीच केलं नाही. ना त्याचा हात लुळा पडला, ना दृष्टी गेली, ना घरात कोणाला ताप आला. तो खऱ्या पाकळ्या लावत राहिला आणि राई पडत राहिली. शिमगा उलटला आणि चैत्र लागला तेव्हा डोंगरावर एकच झाड उरलं होतं. बाकी सगळी माउलीच्या खऱ्या शब्दाने गेली आणि ते एक तेवढं माणसाच्या खोट्याने राहिलं. ककणेराची पिल्लं त्या झाडातून उडाली म्हणे. पण ती परत कधी आली नाहीत. येऊन खाणार काय?

सरदाराची माणसं दुसऱ्या गावाला निघून गेली. छत्री नारोजीकडे राहिली, आणि आता ती उन्हासाठी उपयोगीही पडू लागली.

तो पावसाळा जोरात झाला. पाऊस पडला तो थेट जमिनीवर, आणि जमीन त्याच्याबरोबर निघून गेली. वझर लाल पाण्याने धो धो फुगला, खालची भातं चिखलाने बुजली, आणि पाऊस थांबला त्याच्या चौथ्या दिवशी वझरही थांबला. लोकांना वाटलं गाळ अडकला असेल. त्यांनी खडकातली भेग साफ केली. दिवाळीला भेग ओली होती. पौषात नुसती गार होती. माघात तिच्यात सरडा राहायला आला.

त्या दिवसांत सगुणाने तुळसाला आपलं पाप सांगितलं. ती नदीवरून दुसरी खेप घेऊन आली होती, कळशी अजून डोक्यावरच होती. त्याने त्या एका झाडाची सगळी हकिकत सांगितली, पाकळी कशी ओली केली, कशी टेकवली. आपण क्षमेला पात्र आहोत का, असं त्याने विचारलं.

तुळसाने कळशी उतरवली. तिला पाप वगैरे काही दिसलंच नाही. तिने एवढंच विचारलं:

"येवढां सोपा होता, मगे आदी कित्याक नाय केल्यात?"

आधी का केलं नाही याचा सगुणाने खूप विचार केला आणि मग तो तिच्यासमोर हमसून हमसून रडला, असे सांगतात. तीही रडली. रागही आला होता तिला, पण रागावून आता पाणी थोडंच येणार होतं?

चैत्री पुनवेला गाव माउलीपुढे जमला. देवस्थानाला सावली उरली नव्हती, लोक उन्हात उभे होते. नारोजी पुढे आला. एका वर्षात तो म्हातारा झाला होता. त्याने सगुणाकडे बघितलं आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "सगुणा, तुजा ऐकाक व्हया होता. आज पुऱ्या राईचो कौल मागतंय. लाव पाकळे."

ज्या प्रश्नासाठी सगुण दोन वर्षं तळमळला तो आता विचारला जाणार होता. त्याने तांब्या उचलला. तांब्या रिकामा होता. वझराच्या पाण्यानेच पाकळी लागते, आणि वझराला पाणी नव्हतं.

मग धावाधाव झाली. तुळसा नदीवर गेली आणि कळशी भरून आली. सगुणाने नदीच्या पाण्यात पाकळ्या भिजवल्या, पाषाणावर लावल्या. हात काढला आणि दोन्ही पाकळ्या एकदम खाली पडल्या. ना उजवी आधी, ना डावी. पुन्हा लावल्या. पुन्हा दोन्ही एकदम. त्याने अंगठ्याने दाबून धरल्या, शंभरापर्यंत आकडे मोजले, मग सोडल्या. पाषाण उन्हाने तापला होता. पाकळ्या पडल्या.

"माउली, ही राई तोडूची काय?" नारोजी तरीही म्हणाला. सवयीने सगळ्यांची तोंडं उघडली, आणि व्हय म्हाराजा कोणाच्याच तोंडून बाहेर पडेना. ह्या एका प्रश्नाला होय कोण म्हणणार? सगळा गाव तोंड उघडं ठेवून उभा राहिला.

कोणी म्हणतं माउली रागावली. कोणी म्हणतं ती राईबरोबरच गेली, मागे राहिला तो नुसता दगड. गुरवाच्या घरात म्हणतात की ती आहे, अजून उत्तर द्यायला तयार आहे, फक्त तिच्याकडे पोचायचं पाणी आपण राखलं नाही. तिन्ही मतांची माणसं तेव्हा एकाच नदीवरून पाणी भरत.

आजही चैत्री पुनवेला वझरघळीचा गाव त्या उघड्या डोंगरावर चढतो. गुरव कोरड्या पाषाणाला कोरड्या पाकळ्या टेकवतो. गावकर गाऱ्हाणं घालतो, आणि प्रत्येक ओळीला गाव व्हय म्हाराजा म्हणतो. शेवटी तो विचारतो, "माउली, ही राई तोडूची काय?" तेव्हा सगळे गप्प राहतात, लहान पोरंसुद्धा. पाकळ्या पडतात. गुरव त्या उचलून तांब्यात ठेवतो. मग बायका पदर सावरून उठतात आणि भराभर खाली उतरू लागतात, कारण टँकर बाराला येतो आणि उशीर झाला तर थांबत नाही.